करंगळीवरची घडी

बोलोन्या, २८ नोव्हेंबर

प्रिय इओलेआई,

तुमची तब्येत बरी असेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग आपण दोघीही ओरडतो, म्हणून लिहिते आहे. माझं ठीक आहे. नवी खोली स्टेशनच्या मागे आहे, लहान, पण उजेडाची. दवाखान्यातली नोकरी तशीच चालू आहे.

काल मंडईत तुमच्या शेजारच्या ओर्नेल्लाबाई भेटल्या. म्हणाल्या, "इओले यंदा नाताळचे तोर्तेल्लीनी घरी करणार नाही म्हणते. दुकानातून आणणार!" सारण भरून हाताने मिटलेले तुमचे तोर्तेल्लीनी सोडून दुकानातले? मला खरंच वाटेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "बोटं मिटत नाहीत गं तिची."

मी परवा ओरेक्येत्ते केले होते, आमच्या बारी शहराकडचे, अंगठ्याने दाबून ओढलेले पिठाचे छोटे कान. सोबत सलगमचा कडू पाला. त्या खोलगट वाटीत लसणाचं तेल आणि पाला बसतो; तुमच्याकडच्या पास्त्याच्या सपाट पट्ट्यांवरून तो नुसता घसरतो. तुम्ही त्यांना कधी चांगलं म्हणाला नाहीत. "हे कान चावायला बैलाचा जबडा हवा," म्हणायचात, आणि पुन्हा वाढून घ्यायचात. एकटीसाठी करायला बसले, तर हाताच्या सवयीने तिघांपुरते झाले.

तुमची सून होऊन आले त्या पहिल्या नाताळात मी तोर्तेल्लीनींवर टोमॅटोचा सॉस ओतला होता, आठवतं? तुम्ही आधी खिडकी लावून घेतलीत. "बाई गं, ओर्नेल्ला बघेल! सारण काय लपवायला भरलंय त्यात? हे कोंबडीच्या पातळ रश्श्यातच जायचे. सॉस हवा तर रुंद पट्ट्या आहेत, त्या तो अंगाला धरून ठेवतात." मग माझा अंगठा धरून बाजूला केलात. "याचा जोर गावाला ठेवून ये. इथे करंगळीचं काम." पिठाचा इवलासा चौकोन, कडेला कड, करंगळीभोवती वळसा. माझे मोठे व्हायचे, तर म्हणायचात, "हे रश्श्यात राहायचे नाहीत, पोहत परत बारीला जातील."

तुमच्या दानिलोबद्दल काही लिहायचं नाही. मार्चमध्ये मी घर सोडलं आणि कोर्टात घटस्फोटाचंही भांडणाविना आटोपलं, ते तुम्हाला कळलंच असेल. वकिलांनी भांडीसुद्धा वाटून दिली. तुमच्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही. मूल असतं तर त्याला भेटवायला आले असते. तसं निमित्त नाही, म्हणून सरळच विचारते.

येत्या आठ तारखेला, मेरीमातेच्या सणाच्या दिवशी, नेहमीसारखी सकाळी आले तर चालेल का? पारी मी लाटेन, सारण मी वाटेन, मिटेनही मीच. जेवायला थांबणार नाही. नाताळात दानिलो आणि त्याची मार्गेरिता ते खातील, तेव्हा कुणी केले हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. नको वाटलं तर ओर्नेल्लाबाईंकडे निरोप द्या. वाईट वाटेल, पण समजून घेईन.

तुम्ही कशाला हात लावायचा नाही. समोर बसायचं आणि नावं ठेवायची. मार्चपासून मला कुणी नावं ठेवलेली नाहीत.

तुमची,
नुंत्सिया