थोरली तापली, त्याचा खुलासा

आदरणीय साडूभाऊ,

भरल्या ताटावरून पळालेल्या आपल्या धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. आपली पाठ आता बरी असेल. ताईंची तब्येत विचारायची हिंमत होत नाही, ती आपणच अंदाजाने कळवावी.

आमच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या दोन प्रेस आहेत. मोठीला सगळे थोरली म्हणतात, छोटीला धाकटी. (आपल्या सासूबाई ताईंना थोरली आणि आमच्या हिला धाकटी म्हणतात हे खरं, पण प्रेसची नावं माझ्या लग्नाआधीची आहेत.) साहेबांनी यंदा दोघींना क्लाउडवर चढवलं. म्हणजे मी कुठेही बसून फोनवर बटण दाबायचं, हुकूम आधी ढगात जाणार आणि तिथून यंत्राकडे उतरणार. म्हणून तर काल भर पाळीत तुमच्याकडे जेवायला आलो. हिला मात्र कामावर जातो असं सांगून निघालो होतो, आणि तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं.

तुम्ही ओला टॉवेल कोचावर टाकलात, ताई तुम्हाला बोलायला लागल्या आणि नेमका तेव्हाच फोनवर निरोप आला, थोरली तापली. तेल उकळलं असतं तर प्रेस गेली असती आणि मागोमाग माझी नोकरी. बंदचं बटण दाबतोय, तर रेंज गेलेली. मग ऑपरेटरला फोन लावला आणि ओरडून सांगितलं की थोरली फार तापलीये, आधी तिला बंद करा, नाहीतर फुटेल. फोन लागलाच नव्हता, ऐकलं ते फक्त ताईंनी. तुम्ही हसलात, ते तेवढं करायला नको होतं.

धापा टाकत पोचलो, तर थोरली गार. तिच्या कडेला एक पेटी बसवलीये, इंजिनिअर तिला एज म्हणतात. ढगातून निरोप येवो न येवो, ती जागच्या जागी निर्णय घेते. तेल तापलेलं बघून तिने केव्हाच प्रेस थांबवली होती. साडूभाऊ, जीव भांड्यात पडला. तिथेच स्टुलावर बसून तांब्याभर पाणी प्यालो. (थोरली तापली की तिला गप्प करणं तुम्हाला वीस वर्षांत जमलं नाही, ते या पेटीला जमतं. हा कंस मोठ्याने वाचू नये.)

आपला निर्दोष,
धाकटा साडू

ता. क. खरं काम हे, की फोन तुमच्या कोचावरच राहिलाय आणि त्याला कुलूप नाही. पडद्यावरचं 'थोरली' हे नाव ताईंना दाखवा, म्हणजे मी सुटलो. फक्त खिडकीपाशी नेऊ नका, तिथे रेंज येते.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात थोरली बंद पडली. पेटीवर दिसतंय, हुकूम माझ्याच फोनवरून आलाय. म्हणजे ताई खिडकीपाशी पोचल्या.

ता. क. तिसरा : पाच मिनिटांत परत चालू झाली, तीही तिकडूनच. हुश्श. माफी मिळाली म्हणायची. आता फोन लगेच पाठवा, ताई धाकटीपर्यंत पोचायच्या आत. (प्रेसबद्दल म्हणत नाहीये.)