अंगरखा घातलेली काठी

रविवार, ४ मार्च १८९४
गिरगावच्या खोताच्या वाडीतून महिनाभरासाठी आम्ही उभयता, मी नि कालिंदी, अँटॉप हिलखाली, मिठागराच्या कडेच्या घरात आलो. मासिकाला पाणपक्ष्यांवर लेख हवा, शिवाय छायाचित्रे. संस्कृत काव्यांतले हंस-चक्रवाक मला मुखोद्गत. जिवंत पक्षी एक ओळखता येईल तर शपथ! खाडीत बगळे ध्यानस्थ उभे होते. कालिंदीचे मत पडले की ध्यान माझ्यासारखेच, फक्त त्यांना शेवटी काही मिळते.

बुधवार, ७ मार्च
बांधावर चटयांचा आडोसा केला, भोकातून कॅमेऱ्याचे भिंग बाहेर. शिकाऱ्यांची युक्ती अशी, की दोघांनी आत जावे, एकाने निघून जावे. पक्ष्यांना आडोसा रिकामा वाटतो. आमचे पक्षी मात्र न्यायशास्त्र शिकलेले, दोघांतला एक आत उरला हे ताडतात. कालिंदी एकटी निघाली की थवा दूरच राहतो.

शुक्रवार, ९ मार्च
तोड सापडली. कालिंदी जाताना माझा अंगरखा आणि पगडी चढवलेली काठी शेजारी धरून चालते. काठीशी बोलायचेही ठरले. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने तिने विचारले की, अहो, आज माझे बोलणे मध्येच तोडत नाही, प्रकृती बरी आहे ना? पक्षी फसले. काचांवर चित्रे सुरेख उमटली.

मंगळवार, १३ मार्च
जळण देणारी कोळीण रखमा कालिंदीला चिडवून गेली, की बामणीणबाय, भर दुपारी घोवाचा हात धरून चालता, लाज नाय वाटत? ती काठी होती, असे सांगितल्यावर म्हणते, काठीला पाय कधी फुटले गो? आम्ही पोट धरून हसलो.

शुक्रवार, १६ मार्च
दुपारी परतताना काठी चिखलात पडलेली दिसली. अंगरखा नाही. घराकडे कालिंदीची पावले, आणि शेजारी पुरुषाची.
जेवायला मागितले तर ती म्हणाली, आत्ताच तर पोटभर जेवलात. थट्टा करताना तिला हसू आवरत नाही. आज ती हसली नाही.

रविवार, १८ मार्च
बगळा माझ्या पायावर येऊन उभा राहिला. मी खोकलो. ओरडलो. त्याने मान वळवली नाही.

सोमवार
दुपारी धावत घरी गेलो. पाटावर तो. माझा अंगरखा, माझा चेहरा. कालिंदी ताक वाढत काहीबाही सांगत होती, तो मध्ये न बोलता ऐकत होता. इतकी खुशीत मी तिला—
उंबऱ्यात उभा राहून नाव घेऊन हाक मारली. वाऱ्याने दार वाजते म्हणाली. उठून कडी घातली.

बुधवार. होळी
आडोशातच आहे. पाय उचलत नाहीत— लेखणी तेवढी चालते—
दोघे बांधावरून येत आहेत. कालिंदी उद्या गिरगावला परतायचे म्हणते. रखमाच्या सांगण्यावरून या चटयांचीच होळी इथे पेटवणार— तिने विचारले, आत काही राहिले नाही ना, बघता का?
तो वाकून आत आला. माझ्या डोळ्यांत पाहिले. कॅमेरा उचलला.
बाहेर तिला सांगतो आहे, की काही नाही, लाव—
कालिंदी, अगं मी इथे— काडी ओढल्याचा आवा—