कंसातले बाबा

टेमघर, भिवंडी
३ मार्च

चि. मृणाली,
अनेक आशीर्वाद. सातव्या महिन्यात प्रवास नको, असं तुझ्या डॉक्टरांनी बजावलंय ना? मग नागपुरातून हलू नकोस. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुझ्या बाबांना खरं बोलता येत नाही, म्हणून हा कागद. शेजारचा धनेश फोटो काढून तुला पाठवेल.

काल वडप्याला माहेरी गेले. रस्त्यात कंटेनर आडवे, रिक्षावाला सगळ्यांना हिंदीत शिव्या देत होता (मी त्याच्या दोन सुधारल्या). तुझ्या आईने जवळ्याची चटणी दिली (मिठाचा हात नेहमीसारखा सुटलेला). तुझा बाप केसरी आपल्या गोडाऊनच्या भाडेकऱ्याशी तावातावाने भांडला (मग छाती धरून तिथेच बसला, उद्या ॲन्जिओग्राफी आहे). चटणी पाठवू का?

माया असू दे, पण आधी पोटभर जेव.
तुझी,
विनिताआत्या

नागपूर
३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
बाबांची छाती कंसात? आत्या! धनेशला विचारलं तर म्हणतो, सगलं बराबर हाय, तू आराम कर. आई फोन उचलत नाही. आजीच्या तेराव्याची हकीकतसुद्धा तू अशी सांगायचीस, की तेरावं बाजूला आणि आचाऱ्याची टोपी पुढे. आम्ही हसून लोळायचो. पण हा माझा बाप आहे. यापुढे सरळ लिही. एकही कंस नको.
तुझी,
मृणाली

टेमघर
४ मार्च

चि. मृणाली,
आशीर्वाद. तपासणी झाली. तीन ठिकाणी अडथळे आहेत. उद्या ठाण्यात बायपास. धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले.
विनिताआत्या

नागपूर
४ मार्च

ती. आत्यास,
सा. न.
पत्र दोनदा वाचलं. तू मिठाला नावं ठेवत होतीस, तेव्हा घर जागेवर आहे असं वाटत होतं. या पत्रात कुणीच नाही, तूसुद्धा. उद्या तिथे बसून लिही. हवे तेवढे कंस घाल.
मृणाली

ठाणे, दवाखाना
५ मार्च

चि. मृणाली,
आशीर्वाद. कालचं पत्र मी तीनदा फाडून लिहिलं. ते सांगायला तू जागाच ठेवली नव्हतीस. कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिकवायच्या, कंसातलं गाळलं तरी काही बिघडत नाही (सिस्टरांना भाऊ नसावा).

केसरीला सकाळीच आत नेलंय. तुझी आई पुतळावहिनी जप करतेय (मधूनच समोरच्या बाईची साडी निरखते). तुझ्या बाबांचे दोस्त इद्रीसभाई रक्त देऊन आले आणि कापडाचे लूम किती बंद पडले ते सांगत बसले (ऐकणारा भिंतीला टेकून झोपलाय). सांगितलेली वेळ उलटून गेली (मी घड्याळाकडे बघत नाही, ते माझ्याकडे बघतंय). दार उघडलं (नुसती नर्स. चेहऱ्यावरून काही कळू नये, असं यांना शिकवतात की काय?). पुन्हा उघडलं.

मृणाली, ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर स्वतः सांगून गेले. हे कंसाबाहेर लिहिलंय, बघ.

(त्यांनी मला खुर्ची पुढे केली. मी फणकारले, मला काय धाड भरलीय बसायला! आणि बसले. अजून उठता येत नाहीये.)

तुझी,
विनिताआत्या