वाडी हलवण्याचा ठराव

आई, तू ती सही केलीस तेव्हा मी समोर बसलो होतो, हे आधी लिहून ठेवतो. ऐकीव गोष्टीवरून मी रागावलेलो नाही. रविवार होता. आठवड्याची सुट्टी म्हणून मी मुंबईहून घरी आलो होतो. तू चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस. पंचायतीचा शिपाई मागच्या दाराने आत आला, ठरावांची वही त्याने पिठाच्या डब्यावर ठेवली आणि म्हणाला, "काकी, हितं करा. थोरल्यांनी सांगितलंय, भाकरी करपायच्या आत व्हईल." तू हसलीस. हात परातीच्या काठाला निपटलेस, पदराला पुसलेस आणि वही गुडघ्यावर घेतलीस. मला वाटले होते, तू बोट दाखवलेल्या जागी सही करून मोकळी होशील. तसे झाले नाही. तुझी नजर ओळीवरून ओळीवर गेली, पान संपले तशी पुन्हा वर गेली आणि पुन्हा खाली आली. भाकरी करपली. शिपायाने चिमट्याने ती उलटली आणि तुझ्याकडे जरा चमकून पाहिले. मग तू सही केलीस.

तो गेल्यावर मी वहीत काय होते ते विचारले. तू सांगितलेस, अगदी शब्दाला शब्द, कारण तुझी स्मरणशक्ती चांगली होती. नव्या रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतराच्या आत असलेली, गावठाणाच्या हद्दीबाहेरची सर्व बांधकामे अतिक्रमण समजून हटवावीत. गावठाणाच्या हद्दीबाहेरची. ज्याने हे शब्द घातले त्याला काय वगळायचे आहे ते ठाऊक होते. आपली ओटी त्या अंतराच्या आत येत होती. थोरल्या काकांचे खळे येत होते, देवळाचा पारही येत होता. पण ती सगळी गावठाणात. बाहेर एकटी वाडी होती, ओढ्याच्या अलीकडची, कुडाच्या भिंतींची पंधरा-वीस घरे आणि त्यांची स्वतः खणलेली विहीर. नियम सर्वांसाठी लिहिला होता आणि लागू फक्त त्यांना होत होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेबतपासनीसाच्या हाताखाली आयुष्य काढलेला; अशी वाक्यरचना मी दुरून ओळखतो.

पंचायतीत बायकांसाठी जागा राखण्याचा कायदा तेव्हा नवा होता. सरपंच म्हणजे आपले थोरले काका, बाबांचे मोठे भाऊ. त्यांनी तुझे नाव सुचवले तेव्हा गावाने कौतुक केले. विधवा भावजयीला मान दिला, सही करता येणारी बाई निवडली, असे जो तो म्हणाला. मीही म्हणालो. माहेरी मुरबाडच्या शाळेत तू चौथीपर्यंत शिकलीस हे या गावात कोणाला ठाऊक नव्हते. तू लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसापासून थोरल्या दिरासमोर एक शब्द बोलली नव्हतीस, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ते आम्हाला चुलीतल्या विस्तवासारखे रोजचे होते. त्यांना जेवायला बोलवायचे असले तरी तू भिंतीकडे तोंड करून "पानं वाढलीत" म्हणायचीस. सभेच्या खोलीत ते खुर्चीवर बसलेले असत, म्हणून तू त्या खोलीत कधी गेलीच नाहीस. वही घरी येऊ लागली. जी आपल्यासमोर तोंड उघडू शकत नाही अशी सभासद काकांनी निवडली होती आणि सगळे गाव त्याला सुधारणा म्हणत होते.

त्या ठरावाला तीन सभासद अनुकूल होते, तीन प्रतिकूल. सरपंचाचे जादा मत टाकले असते तर उद्या कोणी बोट दाखवले असते. म्हणून वही स्वयंपाकघरात आली. मी तुला म्हणालो होतो, "तू नाही म्हणायचं होतंस."

"थोरल्यांसमोर मी काय बोलनार रे?"

"बोलू नको. सही करायची नाही. बस्स."

तू करपलेली भाकरी माझ्या पानात न वाढता स्वतःच्या पानात घेतलीस आणि म्हणालीस, "सही न करनं म्हंजे बोलनंच की." मी जेवून लगेच मुंबईची गाडी धरली.

या वाक्याचा मला आजही संताप येतो, कारण ते बिनचूक आहे. तुला कळत नव्हते असे नाही. न बोलणे आणि न लिहिणे यांत काय फरक आहे हे तुला त्या पंचायतीतल्या सहाही पुरुषांपेक्षा जास्त कळत होते, आणि ते कळून तू टाक उचललास.

तो रस्ता कोणी केला हे तरी तू विसरायला नको होते. श्रमदानाचे दिवस आठवतात मला. सापगावच्या बाजूने येणारी सडक आपल्या गावाला जोडायची, दर घरामागे एक माणूस, एक दिवस, असे ठरले होते. शेतकऱ्यांच्या घरांनी आपला दिवस स्वतः दिला नाही. आपल्या शेतावर राबणारा वाडीतला गडी आपल्या नावावर पाठवला. त्या गड्याने एक दिवस स्वतःच्या घराचा भरला, एक मालकाच्या घराचा, आणि मालकाला दोन भाऊ असले तर आणखी एक. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर त्याचे दिवस फुकट गेले, आणि फोटोत टोपी घालून फावडे धरलेले काका आले. तू तेव्हा पाट्या भरभरून भाकऱ्या आणि सुकटीचे कालवण पाठवत होतीस. दुपारी वाडीतल्या बायका आपल्या परसात जेवायला बसत. त्यांच्यात ती होती, जी दरवर्षी आपल्या भातलावणीत पुढची पात धरायची, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. ती तुला म्हणे, "वयनी, यवढं मीठ घातलंस ते आमच्या घामात कमी पडंल म्हनून का गो?" तू तिच्या पानात आणखी वाढायचीस. रस्ता वाडीच्या दारावरून नेला, कारण खडी फोडणारे तिथेच राहत होते. म्हणजे घरे आधी होती. रस्ता त्यांच्याकडे आला, त्यांच्याच हातांनी आला, आणि आल्यावर त्यांना अतिक्रमण म्हणाला.

सभेच्या आधी तीच बाई तुझ्याकडे आली होती. पुरुष वीटभट्ट्यांवर गेलेले, काही कसाऱ्याकडे रेल्वेच्या कामावर; वाडीत म्हातारी माणसे आणि बायकाच होत्या, आणि ठराव नेमका त्या महिन्यांत निघाला होता. ती परसदाराच्या पायरीखाली उभी राहिली. "वयनी, तुमी पंचायतीत हाय ना गो? आमची घरं मोडनार म्हंतात. तुमी सांगा ना त्यास्नी." तू आत गेलीस, सुपात तांदूळ आणलेस आणि तिच्या ओच्यात ओतलेस. ती म्हणाली, "तांदूळ नको मागितला मी." तरी घेऊन गेली. तू माझ्याकडे पाहिले नाहीस.

वाडी हलली. ओढ्याच्या पलीकडे मुरमाड उतार आहे, तिथे हलली. आता पुढचे ऐक, कारण पुढचे पाहायला तू फार दिवस राहिली नाहीस. नव्या जागी विहीर मागितली, पंचायत म्हणाली जागा गावठाणाबाहेर आहे. ओढा ओलांडायला मोरी मागितली, पंचायत म्हणाली तो रस्ता आमचा नव्हे. मोठ्या रस्त्याची खडी उखडली तेव्हा पंचायतीने जिल्हा परिषदेला लिहिले. उत्तर आले की श्रमदानाने झालेला रस्ता आमच्या यादीत नाही. म्हणजे ज्याच्यापायी माणसे उठवली त्या रस्त्याला वालीच नव्हता. आणि मोकळ्या झालेल्या वाडीच्या जागेवर, त्याच ठरावीक अंतराच्या आत, आधी काकांच्या जावयाची भातगिरणी उभी राहिली, मग तिला लागून किराणा दुकान. गिरणीचे जोते गटारावर बांधले. पावसाळ्यात पाणी तुंबून रस्त्यावर येते आणि खडी म्हणून जी काही शिल्लक होती ती वाहून जाते. वाडीची विहीर गिरणीच्या कुंपणात गेली. कुलूप आहे तिला. नियम एकदाच वापरला, एकाच दुपारी, आणि मग घडी करून ठेवून दिला.

या वर्षी गिरणी आणि दुकान कायम करण्याचा प्रस्ताव पंचायतीने तालुक्याच्या कचेरीकडे पाठवला. म्हणजे ती जागा आता कायमची जाणार, विहिरीसकट. मी हरकत घ्यायचे ठरवले आणि शहापूरच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद चाळले, सातवी सही घरी झाल्याचे माझ्याकडून ऐकले. म्हणाले, "जुना ठराव मोडला तरच ही जागा सुटते. आणि तो मोडायची एकच फट आहे. सातवी सही सभेत झाली नाही, घरी जाऊन घेतली. कोण आहेत या बाई?"

"माझी आई."

"छान. म्हणजे साक्षीदारही तुम्हीच." त्यांनी पान लावले. "पण ते म्हणतील, बाईंनी वाचून, राजीखुशीने सही केली. तेव्हा लिहा, वाचता येत नव्हतं. सही करण्यापुरती अक्षरओळख. गावोगाव अशाच आहेत, कोणी शंका घेणार नाही."

"तिला वाचता येत होतं."

"कोणाला माहीत आहे?"

"मला."

"मग ती अडचण तुमची झाली, साहेब. कचेरीची नव्हे."

मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी उतारावर गेलो, त्या लावणीतल्या बाईचा जबाब घ्यायला, की आमची घरे रस्त्याच्या आधीची होती. ती अंगणात मोहाची फुले वाळत घालत होती. आता म्हातारी दिसते. मीही दिसत असेन. मी ठरावाचे बोललो, तुझ्या सहीचे बोललो. मला वाटले, तिला हे नवीन असेल.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमची आय सोता आली व्हती सांगाया. सही केली त्याच दुपारी. म्हनली, गो, मी सही केली, आता मानसं येतील नि सगळं मोडून टाकतील, वासे आधी काढून घे. मी लय शिव्या दिल्या तिला. तुमच्या बापाचाबी उद्धार केला." ती हसली. "तरी जाईना. पदर खोचून उभी, वासा धरून. म्या म्हनलं, सोड, तुजी सावली नको माज्या घरावर. तर म्हनं, शिव्या दे तू, पन वरची गाठ पैली सोड, नायतर वासा माज्या डोक्यात पडंल."

"आणि मग?"

"मग काय. सोडली गाठ. धा-बारा घरांचं वासे वाचलं. हे बघा," तिने छपराकडे हात केला, "तेच हायेत."

मी तिला विचारले, जागा परत मिळाली तर तुम्ही रस्त्याला याल का. ती फुले पालथी करत राहिली. "आता कोन येतंय गिरनीच्या भुश्यात. हीर द्या आमची. माज्या सासऱ्यानं खनलेली. सुना वढ्यावर जातात नि वढा होळीला आटतो. हीर मिळंल का, तेवडं सांगा." मी म्हणालो, ठराव मोडला तर मिळेल. ती म्हणाली, "मग मोडा. यवढं शिकलाव, त्याचा आमाला कदी तरी उपेग होऊ द्या."

ही हकीकत ऐकून माझा राग निवायला हवा होता, असे तू म्हणशील. तो वाढला. वाटेत मला ठेचा लागत होत्या, इतका मी संतापलो होतो. ज्या बाईला शिव्या खात वासा धरून उभे राहता येत होते तिला टाक खाली ठेवता आला असता. भर दुपारी, गावासमोर, गावठाण ओलांडून वाडीत जायला तू भ्याली नाहीस. पदर खोचून घरे उतरवायला भ्याली नाहीस. मग काकांच्या वहीत एक ओळ कोरी सोडायला का भ्यालीस? तुझी सगळी माणुसकी ठरावानंतरची होती. तांदूळ, वासे, कालवण. आधीचे जे एकच काम होते, जे फक्त तुझ्याच हातात होते, ते तू केले नाहीस. आणि वाडीतल्या लोकांनी वाशांसाठी तुझे उपकार मानले, हे मला सर्वांत असह्य होते. हे मी तुझ्या तोंडावर म्हणालो असतो तर तू पान वाढले असतेस, हेही मला ठाऊक आहे.

हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही. इतका हिशेब मलाही कळतो. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय ते मिटवता येत नाही. परवा मी हरकतीचा अर्ज दाखल केला. त्यात लिहिले आहे की सदर सभासद बाईंना सही करण्यापुरतीच अक्षरओळख होती व मजकूर त्यांना समजला नव्हता. उभ्या नोकरीत मी खोटा आकडा कधी कागदावर घातला नाही. विहिरीसाठी घातला, असे मी वकिलांना म्हणालो, आणि ते खरेही आहे. पण ती ओळ लिहिताना मला विहीर आठवत नव्हती. तुला वाचता येत नसते तर किती बरे झाले असते, एवढेच मनात होते.