कृपया विसंबून राहू नये

४ जून, मंगळवार

लीबिग स्ट्रीटवर मेलबर्नच्या बड्या वकील कंपनीने शाखा काय उघडली, आमच्या छोट्या वकिली ऑफिसात आता फक्त वारा येतो. आमच्या वॉर्नम्बूल गावचा समुद्री वारा — त्याला अपॉइंटमेंट लागत नाही! आज दिवसभरात एक माणूस आला. त्याला शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

असंच चाललं तर वसंत ऋतूत ऑफिसला कुलूप. मी कुठेही चिकटेन. पण माझा भागीदार बेव्हन पर्थला बहिणीकडे जाणार म्हणतो — देशाच्या पार दुसऱ्या टोकाला! वर म्हणाला, "अर्थात, हे नक्की नाही." या माणसाचं नक्की असं काहीच नसतं. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर त्याने "शुभेच्छा" लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, "त्या फळतीलच असं नाही."

६ जून

मेलबर्नवाले फोनवर व्हिडिओ टाकतात म्हणे. रोबिनाने दाखवले. (रोबिना म्हणजे आमचा फोन, आमचं दार आणि आमची अब्रू सांभाळणारी.) पांढरेशुभ्र दात, मागे ढोलबाजा, तुमचा हक्क आम्ही खेचून आणू वगैरे. दात बघूनच माझं डोकं फिरलं.

रोबिनाचं मत, आपणही करू. बेव्हनचा आवाज छान आहे, आणि चेहऱ्याचं काय, टोपी आहेच. मी म्हटलं, विषय मृत्युपत्र. अर्धं गाव मृत्युपत्राशिवाय हिंडतंय.

बेव्हन तयार झाला, एका अटीवर. आधी कायदेशीर इशारा द्यायचा. छोटासा.

७ जून

छोटासा इशारा लिहून आणला. दोन पानं! मी लाल पेन घेऊन बसले. त्याने माझ्यासाठी मँडरिन संत्रं सोललं, पांढरे धागेसुद्धा काढून दिले, आणि एक स्वल्पविराम सोडला नाही. बैलाला लाजवेल असा हटवादी माणूस.

११ जून

लोगन्स बीचवर चित्रीकरण. समुद्र काळा, वारा कान उपटणारा. बेव्हन देवमासे बघायच्या कठड्यापाशी उभा, अंगात कोर्टाचा कोट, पायात रबरी बूट. रोबिनाने फोन धरला. त्याने सुरू केलं, "ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. ती तुमच्या परिस्थितीला लागू पडेलच असं नाही…"

आणि त्याच्या पाठीमागे देवमासा वर आला. अख्खा! हवेत! लोक किंचाळले, एका बाईच्या हातातला खिमा भरलेला मीट पाय वाळूत पडला, सीगल तुटून पडले. बेव्हनने मान वळवली नाही. इशारा अर्धवट सोडता येत नाही ना! देवमासा परत आपटला, पाण्याचा डोंगर उठला, आणि हा शांतपणे म्हणतो, "कृपया हिच्यावर विसंबून राहू नये."

मग मृत्युपत्रावर फार सुंदर बोलला. माझे डोळे भरून आले. वाऱ्याने असतील.

१२ जून

रोबिनाच्या फोनमधली जागा भरली होती. तिच्या बहिणीच्या लॅब्राडॉरचे व्हिडिओ. मृत्युपत्राचा एक शब्दही उतरलेला नाही. उतरला तो फक्त इशारा — आणि बाईसाहेबांनी न बघता तोच नेटवर चढवला!

बेव्हनने पाहिला आणि म्हणाला, इशारा पूर्ण आलाय, हे महत्त्वाचं. मी दार आपटून घरी आले.

१७ जून

सगळा देश बघतोय. मी चेष्टा करत नाही. लोक त्याचा आवाज उचलून आपल्या व्हिडिओला लावतायत. नवरा स्वयंपाक करतोय: कृपया विसंबून राहू नये. मांजर पाळण्यापाशी बसलंय: कृपया विसंबून राहू नये. खाटकाच्या दुकानाबाहेर फळा लागलाय — "सॉसेज ताजे. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे."

बेव्हन फळा वाचून म्हणाला, "दुसरं वाक्य गाळलंय त्याने."

२२ जून

बेव्हनबरोबर फुटबॉलच्या मॅचला गेले. आमच्या संघातल्या पोराने गोल हुकवला आणि सगळं मैदान एका सुरात — विसंबून राहू नये! बेव्हन लाल झाला. मग टोपी काढून वाकला. तो एवढा हसलेला मी कधी पाहिला नव्हता. छान दिसतो हसताना. असो.

३ जुलै

आधी लोक फोटोला यायचे. आता कामाला येतायत! शेजारच्या कोरॉइट गावचे म्हातारा-म्हातारी आले, आयुष्यभर वकिलाच्या दारात पाऊल न टाकलेले. मी विचारलं, मग आमच्याकडेच का? आजोबा म्हणाले, "पोरी, बाकीचे सगळे सांगतात विश्वास ठेवा. हा एकटाच सांगतो ठेवू नका. मग याच्यावर ठेवायला काय हरकत?"

बाहेरच्या बाकावर जागा नव्हती. दातांच्या डॉक्टरकडून खुर्च्या मागवल्या. ऑफिस वाचलं! पर्थ गेलं खड्ड्यात! मी आणि रोबिनाने जेवणाच्या सुट्टीत दोन-दोन मीट पाय खाल्ले.

१५ जुलै

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मेलबर्नवाल्यांची बाई आली, त्या दातांसकट. बेव्हन त्यांना हवाय. मेलबर्नला, मोठ्या पडद्यांवर, ट्रामवर त्याचं तोंड. व्हिडिओची कल्पना कोणाची होती? आमचीच. स्वतःच्या हाताने त्याला शोकेसमध्ये मांडला मी.

तिच्यासमोर त्याने नाही म्हटलं नाही. विचार करतो म्हणाला.

१८ जुलै

तीन दिवस धीर धरला. आज विचारलं, जाणार आहेस का? म्हणाला, "विचार चालू आहे. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये."

मी म्हटलं, एवढी वर्षं समोरासमोर बसतोय आपण, एक सरळ वाक्य बोल. तो मँडरिन सोलत राहिला. मी ते घेतलं नाही.

१९ जुलै

मला तो जायला नको आहे. ऑफिससाठी नव्हे. लिहून टाकलं एकदाचं. हे वाक्य सर्वसाधारण स्वरूपाचं नाही.

२३ जुलै

बोलणं बंद. रोबिना म्हणते, तुम्हा दोघांपेक्षा लॅब्राडॉर बरा, त्याला निदान शेपूट हलवता येते.

२६ जुलै, शुक्रवार

बेव्हन सकाळच्या गाडीने मेलबर्नला गेला. कोर्टाच्या कोटात. जाताना दारात थांबला, काहीतरी म्हणणार होता, खोकला, गेला. आलेल्या लोकांना सांगितलं, साहेब नाहीत. एक बाई म्हणाली, त्यांनी आधीच बजावलं होतं. सगळे हसले. मी आत जाऊन फायली लावल्या. चुकीच्या लावल्या.

२९ जुलै, सोमवार

आला! टेबलावर बेकरीतला व्हॅनिला स्लाइस ठेवला, उभाच राहिला. म्हणाला, मेलबर्नला नाही सांगून आलो. तोंडावर सांगितलं, फोनवर बरं दिसत नाही. मग एक दमात, "मोइरा, माझ्याशी लग्न कर."

मी वाट पाहिली. पुढे काहीच येईना. शेवटी मीच विचारलं, ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे का?

"नाही. फक्त तुझ्यापुरती आहे. विसंबून राहा."

३० जुलै

रोबिना दाराआड होती. या वेळी तिच्या फोनमध्ये भरपूर जागा होती. खाटकाच्या फळ्यावर सकाळपासून लिहिलंय — "ती हो म्हणाली. विसंबून राहावे."