बाबांचा पट्टीवाला माइक

१५ एप्रिल २००१, रवि.
काल निमोण्याच्या जयंतीत घात झाला. मी जनरेटरची वायर बघायला गेले, तेवढ्यात पाहुण्यांनी बाबांचा माइक तोंडाशी धरून फू फू केलं. आत वर्खासारखी पातळ पट्टी असते, ती फाटली. आवाज बंद. स्टेजवरच भांडले. कमिटीतले आप्पा म्हणतात, "फुंकल्याबिगर चालू हाय का न्हाई, कळायचं कसं?" म्हटलं, बोलून बघायचं! बाबा लाउडस्पीकर घेऊन गावोगाव फिरले, प्रत्येक वक्त्याला हात जोडून हेच सांगायचे. मी एकदाच पाठ फिरवली.
पुढच्या मंगळवारी, २४ला, पुण्यात आईच्या घशाचं ऑपरेशन. डॉ. म्हणाले, आवाज राहील, न राहील. त्याआधी तिची गाणी टेप करायची होती. याच माइकवर.

१७, मंगळ.
पुण्याला दाखवून आले. दुकानदाराने पाहिलं न पाहिलं, "मॅडम, याचं आता काही मिळत नाही. शोकेसमध्ये ठेवा." तुलाच ठेवते शोकेसमध्ये. (मनात.)
दादा म्हणतो साधा माइक आणू, काय फरक पडतो. पडतो. साध्यावर घेऊन बघितलंय. प्रत्येक 'स'ला शिट्टी, आई बाजारात ओरडतेय असं वाटतं. बाबांच्या माइकवर ती उंबऱ्यात बसून गाते. मला तीच हवी.

१९, गुरु.
स्वतःच करणार. दौंडात पंधरा वर्षं पंपाच्या जळक्या मोटारी रिवाइंड करतेय. तेव्हाही म्हणालेच होते सगळे, बाईचं काम नव्हे.
जुना कंडेन्सर फोडून आतला वर्ख काढला, ब्लेडने पट्टी कापली. मोडक्या गजराच्या घड्याळाच्या दोन दातेरी चाकांमधून फिरवून मूळ पट्टीसारख्या चुण्या पाडल्या. तुटली. दुसरीही.

२१, शनि.
माझ्या मोटारींच्या दुकानात बसवायला घेतली ही चूक. माइकमधल्या लोहचुंबकाने टेबलावरचा लोखंडाचा कीस ओढून घेतला. चिकटपट्टीने एकेक कण टिपत बसले. मग घरी. पंखा बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. आई कॉटवरून, "तुजा बाप बी असाच जीब बाहीर काढून बसायचा." हसू आलं, हात हलला, चौथी गेली. मग दोघी हसत सुटलो.

२२, रवि.
सकाळी सातवी बसली. आवाज आला! जरा मंद, पण तोच.
चार गाणी झाली. हा माइक पुढचं ऐकतो तसं मागचंही, म्हणून पलीकडे बसून मी नाक ओढलेलंही टेपवर आलंय. असू दे.
पाचवं तिने बाबांवर रचलेलं. दोन कडवी म्हणून थांबली. वाटलं, ठसका.
"बंद कर. शेवटलं कडवं पुन्याहून आल्यावर म्हणते."
"आई, डॉक्टर काय म्हणालेत..."
"त्याला काय म्हायती? समदं आत्ताच दिऊन बसले, तर माघारी यायचं कशापायी?"
चिडले, विनवण्या केल्या, रडलेसुद्धा. ढिम्म हलली नाही.

२३, सोम.
सकाळच्या गाडीने निघतोय. माइक कपाटात उभा ठेवलाय, आडवा ठेवला की पट्टी लोंबते. वर लुगड्याची पिशवी. कॅसेट टेपमध्येच आहे, जिथे थांबली तिथे.
आई दारातून दादाला बजावतेय, "त्याला हात लावायचा न्हाई. कुनी फुंकलं, तर माज्याशी गाठ हाय."