सत्काराची शाल

गुरु. १६ एप्रिल
शनिवारी मंडळात जयंतीचा कार्यक्रम. विंडसरहून कांबळेकाका येणार, त्यांचा सत्कार, आणि शाल आणायचं काम माझ्या गळ्यात. ऑफिसातून येताना बस मध्येच सोडून मिसिसागातल्या त्या काश्मिरी दुकानात गेले. अक्रोडाच्या लाकडाचे डबे, कागदी लगद्याच्या रंगीत वाट्या, शालींचे ढीग... किंमत बघितली आणि "सोचके आती हूँ" म्हणून बाहेर. शेजारच्या शाहीनने दिलेली शाल जानेवारीपासून कपाटात आहे, नीट उघडलेलीसुद्धा नाही. तीच खपवू. आपल्याकडे सत्काराच्या शाली फिरतातच की.

शनि. १८
कार्यक्रम झक्कास. काकांच्या डोळ्यांत पाणी. बायका विचारत होत्या, कुठून घेतलीस गं? ठोकून दिलं, दुकानातून. चॉइसचं कौतुक झालं. तेही घेतलं मी.

बुध. २२
लाँड्रीत शाहीन. "दीदी, शॉल पहनी? अब्बू रोज़ पूछते हैं." तिच्या वडिलांनी श्रीनगरात बसून स्वतः भरली होती ती, महिनोन्महिने. माझ्यासाठी. शाहीनच्या बाळंतपणात मी हॉस्पिटलात तिच्याजवळ बसले होते म्हणून. देताना हे बोलली असणार, माझं लक्ष बहुतेक फोनमध्ये...
त्यांना फोटो हवाय, मी शाल घेतलेला. "भेजती हूँ" म्हटलं. शरमेने कपडे ड्रायरमध्येच विसरून आले.

शुक्र. २४
परत त्याच दुकानात. तशीच दुसरी मिळाली तर... दुकानदाराने विचारलं, कौनसा रंग, कैसा काम? आणि मला आठवेना! कार्यक्रमाचे फोटो झूम केले, काकांच्या खांद्यावर नुसती घडी दिसते, रंग कळतो पण भरतकाम नाही. तो बिचारा एकेक उलगडत राहिला, मी नको नको म्हणत राहिले. रिकाम्या हाती घरी.
सुहास म्हणतो, काकांना सरळ सांग आणि परत माग. नवऱ्याला काय जातंय सांगायला.

रवि. २६
सकाळपासून वाक्यं जुळवत होते. काका, जरा घोळ झालाय, तुम्हाला दुसरी आणून देते... शेवटी लावला फोन. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "वाटलंच होतं, तुमचा फोन येईल. आई मंगळवारी गेली."
काकाच पुढे बोलत होते.
"जन्मभर गोधडीवर भागवलं तिनं. परवा निरोप देताना तुमची शाल पांघरली तिला. तिच्यासोबतच गेली. फार शोभली हो."
आणि मी काय म्हणाले? "हो काका, कळलं म्हणूनच फोन केला."
लाज वाटते. दिवसभर आरशासमोर गेले नाही.

सोम. २७
दारात शाहीन. कडेवर बाळ, हातात फोन, फोनवर अब्बू. पांढरी दाढी, हसरा चेहरा. "दीदी, शॉल लाओ ना, अब्बू को देखना है."
अर्धंच खरं बाहेर पडलं. "एक बुज़ुर्ग अम्मा थीं... उनको ओढ़ा दी."
शाहीन माझ्याकडे बघतच राहिली. अब्बू मात्र लगेच म्हणाले, "अच्छा किया, बेटी. अब उनको सर्दी तो नहीं लगती?"
"नहीं, अब्बू."
शाहीनने फोन ठेवला. "कौन अम्मा, दीदी?"
"कल बताती हूँ."
बाळ माझ्याकडे झेपावत होतं. घ्यायची हिंमत झाली नाही.